सरळ केलेली वाट

८ जानेवारी. उणे सव्वीस.

अभ्यासक्रमाची वही वेगळी आहे. तिच्यात तारीख, काम, कारण, लागलेलं सामान आणि वेळ एवढंच लिहायचं असतं, आणि महिनाअखेर आर्मास खाली सही करतात. आज तिच्यात लिहिलं : 'फ्लशच्या टाकीच्या तळाचं रबर बदललं. पन्नास मिनिटं.' कमोडला मिठी मारल्यासारखी मी फरशीवर बसले होते, हात कोपरापर्यंत टाकीत, आणि पाणी इतकं गार होतं की बोटं माझीच आहेत की टाकीची, कळेना. हे तिथे लिहिता येत नाही. शेवटी दांडी दाबली, पाणी गेलं, टाकी भरली आणि गळायची थांबली. घरमालकीण बाहेर कॉफी करत होती आणि मी आत दार लावून एकटीच हसत होते. हे तर नाहीच लिहिता येत. म्हणून ही दुसरी वही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी प्लंबरची उमेदवार झाले आहे. गावातलं दुकान बंद पडलं आणि गल्ल्यावरची माझी एकोणीस वर्षं संपली. रोजगार कार्यालयातल्या मुलीने विचारलं, काय करायला आवडेल? मी म्हटलं, लोकांच्या घरी जाता येईल असं काहीही. गावचे प्लंबर आर्मास, त्यांना नेमकं तेव्हाच खाली वाकणारं कुणीतरी हवं होतं. सत्तरीला आलेत, गुडघे गेलेत. ते उलट्या बादलीवर बसतात आणि हातातल्या काठीने मला दाखवतात.

"तो नट. तो नाही. तुझ्या नाकासमोरचा."

"नाकासमोर दोन आहेत."

"मग ज्याच्याकडे बघून रडू येतंय, तो."

तोच होता.

१२ जानेवारी, रविवार. उणे अठरा.

रविवार म्हणजे मुम्मोचं घर. लेम्पी ही किम्मोची आई. आमच्या मुलीच्या तोंडून 'मुम्मो' ऐकून ऐकून मीही तिला मुम्मोच, म्हणजे आजीच, म्हणायला लागले ते लागलेच. किम्मो आणि मी वेगळे झालो त्याला आता तीन वर्षं झाली. तो दक्षिणेत गेला, मी इथेच राहिले. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी तिचा फोन आला होता : "बटाटे उकडायला लावतेय. तुझे किती टाकू?" बाकी एक शब्द नाही. त्या प्रश्नाचे उपकार मी कसे फेडणार?

आज मात्र थोडे फेडले. रस्त्यापासून तिच्या पायरीपर्यंतची वाट सरळ येतच नाही. जुन्या गोठ्याच्या अंगाने भला मोठा वळसा घालून येते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने एवढं कशाला चालायचं? औषधांची डबी भरायला येणारी नर्स, मेर्वी, तीही बिचारी गाडी रस्त्यावर सोडून वळसा घालत येते. मी बर्फ ढकलायचं मोठं फावडं काढलं आणि तीन तास खपून रस्त्यापासून थेट स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत वाट केली. गाडी येईल एवढी रुंद. खालचं वाळलेलं गवत दिसेपर्यंत खरवडली.

मुम्मो दारात आली, खांद्यावर शाल. "विर्पी, पुरे गं आता."

"थोडंच राहिलंय!"

"तिथे असू दे की थोडा बर्फ."

"कशाला? घसरून पडायला?"

तिने शाल घट्ट ओढून घेतली. मग म्हणाली, "हौस दांडगी हो तुझी," आणि कॉफी ठेवायला आत गेली. राय धान्याच्या काळपट पिठाच्या वाट्या, बटाटा आणि लिंगनबेरीची आंबट लाल फळं भरून भाजलेल्या, माझ्यासाठी चार. तिने एकच खाल्ली.

किम्मोचा फोन तेव्हाच आला. वीस मार्चला नगरपालिकेची बाई घरी येऊन बघणार आहे, की मुम्मोला इथे एकटीने राहणं जमतंय का. पाणी, संडास, ऊब. नाही जमलं तर मोठ्या रस्त्यावरच्या वृद्धनिवासात एक खोली रिकामी होते आहे. "आई, तुझं तू ठरव," तो म्हणाला. फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता. मुम्मो म्हणाली, "बघू," आणि माझ्याकडे बघितलं.

ती नजर मी ओळखते. मी तिला कुठेही जाऊ देणार नाही. आता माझ्या हातात पाना आहे.

१३ जानेवारी

दंड वर जात नाहीत. केस न विंचरता कामावर गेले. आर्मास म्हणाले, "छान. पाइपात अडकलेलं केसाळ काहीतरी काढायचंय, ते तुला आपलंच समजेल."

१५ जानेवारी

मेर्वीने मुद्दाम फोन केला. गाडी थेट पायरीला लागली म्हणे. "तुझ्यासारखी सून सगळ्यांना मिळो," म्हणाली. मी माजी सून आहे, हे सांगायचं राहून गेलं. मुद्दामच राहू दिलं.

२९ जानेवारी. उणे चौतीस.

आज सात फोन. अशा थंडीत घरं आजारी पडतात, एकामागून एक. बाहेरच्या भिंतीला चिकटलेले सिंक, पोटमाळ्यावरून नेलेले पाइप, कुणीतरी आठवडाभर परगावी गेलं आणि हीटर कमी करून ठेवला. मी केस वाळवायचा पंखा घेऊन सिंकखाली पालथी पडून होते. एक कोपर गोठलेलं, दुसरं भाजलेलं.

चर्चमागच्या घरात कमोडच गोठला होता. तिथल्या आजोबांनी शहाणपणा करून वरून उकळतं पाणी ओतलं. कमोड टणकन तडकला, वरपासून खालपर्यंत.

"आवाज कसा आला?" आर्मासनी विचारलं.

"तळ्यावरचा बर्फ फुटतो ना, तसा."

"आणि मग?"

"मग बायको जागी झाली."

"मग फार सोसलं असणार तुम्ही," आर्मास म्हणाले. नवा कमोड गाडीतून आम्ही दोघींनी आणला, म्हणजे मी आणि आजीबाई. पुरुष दोघेही बादल्यांवर बसून होते.

परतताना गाडीत आर्मास म्हणाले, "गोठलेलं काही असलं की माणसाला घाई होते. घाईनेच मोडतं. हळूहळू ऊब द्यायची, आणि नळ उघडा ठेवायचा, म्हणजे वितळलेल्याला जायला जागा राहते." मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा विषय पाइपांचाच होता. मला उगाच रडू आलं.

११ फेब्रुवारी. उणे बारा.

वृद्धनिवासातून बोलावणं : तीन संडासांच्या टाक्या वाहताहेत. मुम्मोला फोनवर सहज सांगितलं तर म्हणाली, "मीही येते. घरात बसून कंटाळा आला." आर्मास तिला आणायला गेले. ती चांगला कोट घालून, लिपस्टिक लावून आली. माझ्या सोबतीसाठी एवढं! मला भरून आलं.

टाक्यांना दोन तास लागले. तेवढा वेळ ती हॉलमध्ये आउने आणि तिच्या मैत्रिणींबरोबर पत्ते खेळत बसली. आउने मुम्मोची शाळेतली मैत्रीण, आता तिथेच राहते. मी मधून मधून डोकावत होते, कंटाळली असेल म्हणून. प्रत्येक वेळी त्या काहीतरी मोठ्याने हसत होत्या. एकदा मुम्मोचा आवाज आला, "आउने, चोरटी आहेस तू, सातवीत होतीस तशीच!"

निघताना तिने नर्सला विचारलं, जेवण कुणाच्या हातचं असतं, शनिवारी सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, असते का, आणि खोलीची खिडकी उघडते का. किती शूर बाई आहे. वेळ आलीच तर सोसायची म्हणून आधीच मनाची तयारी करतेय.

गाडीत मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मुम्मो, घाबरू नकोस. तुला इथे नाही यावं लागणार."

तिने दुसऱ्या हाताने कोटाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाली, "तू टाक्या मात्र चांगल्या दुरुस्त केल्यास."

आर्मास आरशातून मागे बघत होते. काय बघत होते कोण जाणे.

१६ फेब्रुवारी, रविवार. उणे बावीस.

मुम्मोच्या स्वयंपाकघरातल्या नळाची धार बारीक झालीय. मी लगेच तोंडाची जाळी काढली, व्हिनेगरमध्ये घातली, ब्रशने घासली. तिच्यातून वाळूचे चार कण निघाले. परत लावली. धार पहिल्यापेक्षा जरा बरी वाटली. मला तर बरीच बरी वाटली.

"झालं बघ," मी म्हटलं. "आता वीस मार्चची बाई येऊ दे खुशाल."

"पाणी फार गार येतंय हल्ली," मुम्मो म्हणाली. "दात दुखतात."

"फेब्रुवारी आहे, मुम्मो."

"हो. फेब्रुवारी आहे," ती म्हणाली, आणि नळाखाली बोट धरून उभी राहिली, एखाद्याची नाडी बघावी तशी.

संध्याकाळी अभ्यासक्रमाच्या वहीत हेही लिहिलं, तिथे लिहायची गरज नव्हती तरी. कुणीतरी सही करावी असं वाटलं.

२३ फेब्रुवारी

तीन दिवस ताप. मुम्मोचा फोन : "येऊ नकोस, माझं मस्त चाललंय." आवाज दमलेला वाटला. बहुधा माझेच कान दमलेले असावेत.

२ मार्च, रविवार. दुपारी उणे चार, लख्ख ऊन.

पन्हाळीतून पाणी ठिबकायला लागलंय आणि मुम्मोच्या घरात पाणी नाही.

बुधवारपासून नाही! मी आत शिरले तर चुलीवर तीन पातेली, तिन्हींत बर्फ वितळतोय. कमोडशेजारी बादली आणि मग. नळ उघडला तर सुस्कारा टाकावा तसा आवाज, बस. मुम्मो खुर्चीत बसली होती आणि तिचे हात लाल झाले होते. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई चार दिवस अंगणातून बर्फ उपसतेय, आणि मेर्वी आली तेव्हा चुलीवर भरलेली किटली ठेवून हसतेय.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला ताप होता."

"मेर्वीला?"

"तिने लिहून घेतलं असतं."

मी तिच्यावर ओरडले. मग तिचे हात माझ्या हातांत घेऊन बसले. मग परत ओरडले. अठरा दिवस उरलेत. पाणी नसलेल्या घरात नगरपालिका माणूस ठेवत नाही.

आर्मास जेवण अर्धं टाकून आले. गाडीतून उतरले आणि आत यायच्या आधी अंगणात उभे राहिले, काठीवर रेलून.

"ही वाट कुणी केली?"

"मी," मी म्हटलं. "जानेवारीत. गाडी थेट आत येते आता."

"हं," ते म्हणाले. काठीने वाटेवरची जमीन ठोकून बघितली. तळघरात पाण्याच्या मीटरपर्यंत उतरायला त्यांना दहा मिनिटं लागली. पाइपाला हात लावून बघितला. "बाहेर गोठलाय. जमिनीखाली. उद्या सकाळी सौनाची भट्टी पेटव, मोठं भांडं बर्फाने भर. गरम पाणी लागेल, पुष्कळ."

"पण थंडी तर कमी झालीय!"

"वरची. खालची आत्ता पोहोचतेय."

४ मार्च

काल आणि आज, दोन दिवस.

पद्धत अशी. तळघरात मीटरपाशी पाइप सोडवायचा. त्याच्या तोंडातून एक बारीक कडक नळी आत सरकवायची, बर्फाला टेकेपर्यंत. मग पंपाने त्या नळीतून गरम पाणी सोडायचं. ते बर्फावर पडतं, थोडा बर्फ वितळतो, पाणी नळीच्या बाजूने परत येऊन बादलीत पडतं. तेवढ्या वेळात नळी एक बोट पुढे जाते. कधी अर्धं. प्लास्टिकचा पाइप, त्याला वीज लावून तापवता येत नाही. मी सौनातून गरम पाण्याच्या बादल्या आणत होते, मुम्मो भट्टीत लाकडं घालत होती, आर्मास नळीला हात लावून डोळे मिटून बसले होते.

"झोपलात काय?"

"ऐकतोय."

"काय म्हणतोय बर्फ?"

"म्हणतोय, ही बाई बडबड कमी करेल तर बरं."

काल संध्याकाळपर्यंत सहा मीटर. आज दुपारपर्यंत अकरा मीटर. मग एकदम नळी हातातून सुटल्यासारखी पुढे गेली, पाइपात काहीतरी गुरगुरलं, आणि तपकिरी, बर्फाळ पाणी आमच्या अंगावर आलं. मी आर्मासना बादलीवरून पाडत पाडत मिठी मारली. नळी काढून पाइप परत मीटरला जोडला, तोवर वर मुम्मोने नळ सोडला होता. तो खोकला, थुंकला आणि वाहायला लागला.

नळी काढायच्या आधी आर्मासनी तिच्यावर, जिथपर्यंत ती आत गेली होती तिथे, लाल टेप गुंडाळली होती. मग मला म्हणाले, नळी बाहेर ने आणि मीटरच्या वरच्या भिंतीपासून अंगणात सरळ टाक.

मी टाकली. ती माझ्या वाटेवर पडली. पहिल्या हातापासून लाल टेपपर्यंत, बरोबर माझ्या वाटेवर, जणू मी तिच्यासाठीच ती वाट साफ केली होती.

आर्मास पायरीवर बसले होते. "इथे खाली खडक आहे," ते म्हणाले. "पाइप टाकला तेव्हा गावातले सगळे खणायला आलो होतो. मीटरभरावर पहार वाजायला लागली. त्याच्या खाली नेताच आला नाही. म्हणून वर बर्फ ठेवायचा. दरवर्षी. कुणी त्यावरून चालायचंही नाही, चालून बर्फ दाबला की थंडी आत उतरते. बर्फ म्हणजे त्याचं पांघरूण."

मला बसायला जागा दिसेना, म्हणून मी बर्फातच बसले.

"तुम्हाला रविवारीच कळलं होतं."

"अंगणात पाय ठेवला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तेव्हा बोललो असतो तर दोन दिवस तू रडत बादल्या आणल्या असत्यास. निम्मं पाणी सांडलं असतंस."

मुम्मो दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला समजलं, तिलाही माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. पंचेचाळीस वर्षं तीच तर वळसा घालून चालत होती.

"असू दे थोडा बर्फ, असं म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

"एकदाच म्हटलंस! मुम्मो, एकदाच!"

"दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तू फावडं टाकलं असतंस. किती खुशीत होतीस तू. दुकान बंद झाल्यापासून तुला तशी बघितली नव्हती." मग म्हणाली, "म्हटलं, हिवाळा सौम्य गेला तर भागेलही."

हिवाळा सौम्य गेला नाही.

५ मार्च

दिवसभर वाटेवर बर्फ परत टाकत होते. मेर्वी औषधं घेऊन आली, तिची गाडी रस्त्यावरच अडली. मी तिला सगळं सांगितलं, सुनेचं प्रमाणपत्रसुद्धा परत केलं. तिने बॅग पायरीवर ठेवली आणि दुसरं फावडं घेतलं.

आता टाकलेल्या बर्फाने खालची जमीन वितळणार नाही, आणखी गोठणार नाही एवढंच. म्हणून मेअखेरपर्यंत स्वयंपाकघराचा नळ काडीएवढा सोडून ठेवायचा, रात्रंदिवस. वाहतं पाणी गोठत नाही.

अभ्यासक्रमाच्या वहीत काय लिहू? 'जमिनीखालचा पाइप मोकळा केला, दोन दिवस.' 'कारण' या रकान्यात मी 'उमेदवार' असं लिहिलं. आर्मासनी वाचलं, ते खोडलं, त्यावर 'कडक हिवाळा' लिहिलं आणि महिनाअखेरची वाट न बघता सही केली.

माझ्यावर एवढी माया करणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये मी राहते. मग वीस मार्चला किती दिवस उरले ते मी रात्री उठून का मोजते?

२० मार्च. उणे तीन.

सगळं तयार होतं. नळाची बारीक धार चालू. संडासात मी दोन्ही बाजूंना धरायला दांड्या बसवल्या होत्या, कमोडला उंच बैठक. न्हाणीत हात भाजू नये म्हणून गरम-गार आपोआप मिसळणारा नळ. नगरपालिकेची बाई, तिशीतली असेल, प्रत्येक गोष्ट हात लावून बघत होती. मीच तिला फिरवत होते. फ्लश तर मी तीनदा ओढून दाखवला. किम्मो फोनवर होता, मेर्वी खिडकीशी, आर्मास दाराशी, टोपी हातात.

बाई टेबलाशी बसली. "घर उत्तम आहे," म्हणाली. "पाण्याची हमी कोण देतं?"

"मी," मी म्हटलं. हा शब्द मी आठवडाभर मनात घोळवला होता.

"मग लेम्पीबाई, तुम्हाला इथे राहायला काहीच अडचण दिसत नाही. तुमचं काय म्हणणं?"

मुम्मोने टेबलावरचा कापडाचा कोपरा सरळ केला. परत वाकडा केला.

"ती रिकामी खोली," ती म्हणाली, "आउनेच्या बाजूला आहे की पलीकडच्या टोकाला?"

फोनमध्ये किम्मो खोकला.

"मुम्मो, तुला जायची गरज नाही," मी म्हटलं. "ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या? पाणी आहे. सगळं आहे."

"ऐकलं." तिने माझ्याकडे बघितलं. तीच नजर, जानेवारीतली. "विर्पी, मला बोलायला माणसं हवीत. नळ रात्रभर बोलतो, पण त्याचं तेच तेच असतं."

बाईने विचारलं, "मग आधी का नाही सांगितलं?"

"आधी कसं सांगणार? हिला रविवारी कुठेतरी जायला नको का?"

नंतर आठवलं, सगळ्यांसमोर मी नळाशी गेले आणि धार बंद केली, मग चूक लक्षात आली आणि परत सोडली.

आर्मास म्हणाले, "वृद्धनिवासातही बटाटे उकडतात, लेम्पी."

"तेच तर," मुम्मो म्हणाली. "मी तिथल्या बाईंना विचारलंय, रविवारी बाहेरचं माणूस जेवायला चालतं का. चालतं. आदल्या दिवशी सांगावं लागतं."

२१ मार्च

रागावले होते. काल लिहिलं नाही ते आज लिहिते : रागावले होते. तीन महिने मी त्या घरासाठी फरशीवर लोळले. घर तिला नको होतं, ते मला हवं होतं. आणि मला ते हवंय हे माहीत असल्यामुळे ती तिथे एकटी बर्फ वितळवत बसली.

राग संध्याकाळपर्यंत टिकला. मग तो कुणावर काढायचा तेच सापडेना.

१२ एप्रिल, शनिवार. पहाटे उणे आठ.

मुम्मोला आज न्यायचं होतं. घर उन्हाळ्यापर्यंत बंद. "जूनमध्ये येईन डास मोजायला," ती म्हणाली. पण जमीन अजून गोठलेली आहे आणि नळ चालू ठेवायला कुणी असणार नाही, म्हणजे आधी घरातलं सगळं पाणी काढायला हवं. आर्मास आम्हाला सोडून गाडीतच बसले. "तुझं काम आहे," म्हणाले, आणि काच वर केली.

रस्त्याकडची चावी बंद केली. पंपाने जमिनीतला पाइप फुंकून मोकळा केला. मग घरातले सगळे नळ उघडे, वरचे आधी, खालचे नंतर. गरम पाण्याची टाकी रिकामी. फ्लशच्या टाकीतलं उरलेलं पाणी स्पंजने टिपलं, शेवटच्या थेंबापर्यंत. मुम्मो कोट घालून, बॅग मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती आणि बघत होती. मी घाई केली नाही. प्रत्येक नळातून हवेचा आवाज येईपर्यंत थांबले. शेवटी कमोडच्या वाकात जे पाणी राहतंच, त्यात न गोठणारं गुलाबी औषध ओतलं आणि झाकण लावलं.

"झालं," मी म्हटलं.

"विर्पी," मुम्मो म्हणाली, "मला लागलीय."

"आत्ता?"

"नळांचा आवाज ऐकून. एवढा वेळ धरून होते, तुझं काम मध्ये नको मोडायला म्हणून."

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि मला हसू आवरेना. तिलाही. हसायचं नव्हतं तिला, बॅग पोटाशी धरून म्हणाली, "हसवू नकोस, मेले!"

गोठ्यामागचा जुना संडास अजून उभा आहे. तिथपर्यंत वाट नव्हती, पण रात्रीच्या थंडीने बर्फाची वरची साय कडक झाली होती, माणूस बुडत नव्हतं. मी तिला दंडाला धरलं आणि आम्ही त्या चकाकत्या बर्फावरून बदकांसारख्या चालत गेलो. दार बर्फात रुतलेलं. हातांनी उकरून काढलं. आत फळीला दोन भोकं, शेजारी शेजारी.

मी बाहेर थांबायला निघाले.

"बस की," मुम्मो म्हणाली. "दोन आहेत."

मी बसले. फळी अशी गार की आम्ही दोघी एकदमच किंचाळलो. दार उघडंच होतं. समोर कुरण, त्यापलीकडे तळं, सगळं पांढरं, आणि ऊन इतकं की डोळे मिटून घ्यावेत.

"माझी जाऊ बसायची तिथे, तू बसलीयस तिथे," मुम्मो म्हणाली. "सगळं बोलायचो. नवऱ्यांचं, सासूचं. एकदा तर जेवणाची वेळ टळली. मग घरात नळ आला, संडास आला. केवढा आनंद झाला होता! आठवडाभर नुसती साखळी ओढत होते." ती थांबली. "महिन्याभराने लक्षात आलं, की आता आत एकटीच बसायचं."

मी तिच्या कोटाच्या खिशात हात घातला. तिचा हात तिथेच होता, गरम.

"रविवारी किती बटाटे सांगू?" तिने विचारलं.

"तीन," मी म्हटलं. "चार."

रस्त्यावर आर्मासनी भोंगा वाजवला. एकदा, मग पुन्हा एकदा, जरा लांब.

"वाजवू दे," मुम्मो म्हणाली, आणि पाय पसरून आरामात बसली.